टेनिसच्या मैदानावरील स्त्रीचा पोशाख

एखाद्या काळी समाज स्त्रीकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या काळचे कायदे चाळावेत आणि त्याबरोबर तिचे कपडेही पाहावेत. टेनिसचा खेळ या बाबतीत विशेष बोलका आहे. या खेळात स्त्रीने काय घालावे यावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षे वाद होत आले आहेत. प्रत्येक वादात एका बाजूला धावणारी स्त्री दिसते आणि दुसऱ्या बाजूला तिला पाहणारे लोक. नियम बहुधा पाहणाऱ्यांनी केले. त्यांची किंमत मात्र धावणारीने मोजली.

विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली, ती केवळ पुरुषांसाठी. १८८४ साली स्त्रियांना प्रवेश मिळाला, तेव्हा १३ जणींनी नावे दिली. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला. मॉड आणि लिलियन वॉटसन या बर्कस्वेल या इंग्लंडमधील गावच्या अँग्लिकन धर्मगुरूंच्या मुली. वडील हेन्री वॉटसन हे नामांकित गणितज्ञही होते. १९ वर्षांच्या मॉडने थोरल्या बहिणीला ६-८, ६-३, ६-३ असे हरवले. धर्मगुरूच्या घरातील मुली पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात उभ्या होत्या, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोघींचा वेष पांढरा होता. रंगीत कापडावर घामाचे डाग उठून दिसतात, आणि कुलीन स्त्रीला घाम येतो हे मान्य करणेच त्या काळच्या शिष्टाचाराला जड जात होते. त्या शुभ्र झग्याच्या आत परकर असत आणि कमरेला आवळून बांधलेले, ताठ पट्ट्यांचे कॉर्सेट असे. दुहेरीतील १९ विंबल्डन विजेतेपदे मिळवणाऱ्या एलिझाबेथ रायन हिने उतारवयात सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. खेळाडूंच्या खोलीत शेकोटीजवळ वाळत घातलेली कॉर्सेट तिने पाहिली होती, आणि त्यांतील अनेकांवर रक्ताचे डाग होते. प्रेक्षकांना दिसत होती ती शालीनता. त्या शालीनतेखालच्या जखमा दिसत नव्हत्या.

या अडचणीतून पहिली सुटली ती एक शाळकरी मुलगी. १८८७ साली लॉटी डॉड हिने वयाच्या १५ व्या वर्षी विंबल्डन जिंकले. वय लहान म्हणून तिला आखूड स्कर्ट घालण्याची मुभा होती. तिच्या यशाचे श्रेय तिच्या कौशल्याला आहेच; पण धावताना तिच्या पायांत कापड अडकत नव्हते, हेही तितकेच खरे. मोठ्या स्त्रियांना ही सवलत मिळायला आणखी एक पिढी जावी लागली. सात वेळा विजेती ठरलेल्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स हिने १९१० साली स्त्रियांसाठी टेनिसवर पुस्तक लिहिले. त्यात तिने पोशाखाचाही विचार केला आणि जमिनीपासून चार-पाच इंच वर राहील असा साधा स्कर्ट सुचवला. चार-पाच इंचांची ही मागणी आज आपल्याला क्षुल्लक वाटेल. परंतु ती अनुभवातून आलेली होती.

हीच चेंबर्स १९१९ च्या अंतिम सामन्यात वयाच्या ४० व्या वर्षी २० वर्षांच्या सुझान लाँग्लेनसमोर उभी राहिली. एकीचा वेष जुन्या वळणाचा. दुसरीचा स्कर्ट पोटरीपर्यंतचा, हात मोकळे आणि अंगात कॉर्सेट नाही. १०-८, ४-६, ९-७ असा तो सामना लाँग्लेनने जिंकला. या फ्रेंच युवतीच्या पोशाखावर टीका झाली. तथापि थोड्याच वर्षांत सर्वत्र तिचे अनुकरण होऊ लागले. पुढे पॅरिसचे शिंपीकलेतील नामवंत झाँ पातू तिच्यासाठी बिनबाह्यांचे, चुणीदार रेशमी पोशाख शिवू लागले. डोक्याला घट्ट बांधलेली रंगीत रेशमी पट्टी ही तर तिची ओळखच ठरली.

यानंतर प्रत्येक वस्तू खेळाच्या गरजेतून आली. अमेरिकेच्या हेलन विल्स हिने डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पांढरी झापड वापरली. स्पेनच्या लिली दे अल्वारेझ हिने १९३१ साली विंबल्डनला दोन पायांत विभागलेला स्कर्ट घातला. तो एल्सा स्कियापारेल्ली यांनी तयार केला होता. १९३३ साली हेलन जेकब्स आखूड विजार घालून उतरली. प्रत्येक वेळी आधी कुजबुज झाली आणि मग सवय झाली.

१९४९ साली मात्र कुजबुजीचे वादळ झाले. गसी मोरन या अमेरिकन खेळाडूला रंगीत पोशाख हवा होता. विंबल्डनला तो चालत नसे. तेव्हा टेड टिंलिंग यांनी तिच्या आखूड पोशाखाखालच्या चड्डीला लेस लावली. छायाचित्रकार ती टिपण्यासाठी जमिनीवर आडवे झाले. अनेक वर्षे स्पर्धेच्या व्यवस्थेत काम केलेल्या टिंलिंग यांना तेथून दूर व्हावे लागले, ते १९८२ साली परत आले. त्या वर्षी मोरनने दुहेरीची अंतिम फेरी गाठली होती, हे आज कोणाला आठवते? लेस तेवढी लोकांच्या ध्यानात राहिली.

अशा प्रसंगी दोष फक्त क्लबांचा नव्हता. १९३० साली व्हॅटिकनने स्त्रियांच्या वेषाविषयी सूचना काढल्या. मुलींना सार्वजनिक कसरती व स्पर्धांपासून दूर ठेवावे, असा सल्ला पालकांना त्यांत होता. पुढे १९५७ साली पोप पायस बारावे यांनी वस्त्रनिर्मात्यांसमोर केलेल्या भाषणात अधिक व्यापक भूमिका मांडली. आरोग्य, मर्यादा आणि शोभा अशी वस्त्राची तीन प्रयोजने त्यांनी सांगितली. यांतील आरोग्य या प्रयोजनाचा आपल्याला बहुधा विसर पडतो. टेनिसच्या मैदानावर तर त्याचा विचार प्रथम व्हायला हवा.

आपल्याकडे लेडी मेहेरबाई टाटा साडी नेसून टेनिस खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत त्यांचे नाव होते. साडी ही त्यांची स्वतःची निवड होती, म्हणून तिचेही कौतुकच वाटते. उलट २००५ साली सानिया मिर्झाच्या पोशाखावर काही धर्मगुरूंनी आक्षेप घेतला आणि कोलकात्याच्या स्पर्धेत तिला पोलीस संरक्षणात खेळावे लागले. तेव्हा ही वृत्ती कोणा एका देशाची वा धर्माची नाही.

हा प्रश्न अगदी अलीकडेही संपलेला नाही. २०१८ साली सेरेना विल्यम्स पॅरिसला अंगाबरोबरचा काळा पोशाख घालून खेळली. बाळंतपणानंतर तिला रक्ताच्या गुठळ्यांचा गंभीर त्रास झाला होता आणि रक्ताभिसरणाला त्या पोशाखाची मदत होत होती. तरीही असा पोशाख यापुढे चालणार नाही, असे फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस महिला टेनिस संघटनेने नियम स्पष्ट करून स्कर्टविना अशी विजार वापरण्यास मुभा दिली. विंबल्डनचा पांढऱ्या रंगाचा दंडक तर अंतर्वस्त्रांपर्यंत पोहोचला होता. मासिक पाळीच्या दिवसांत पांढऱ्या वस्त्रांत खेळण्याची धास्ती खेळाडूंनी उघड बोलून दाखवली, तेव्हा कुठे २०२३ पासून स्कर्टखाली गडद रंगाची आखूड विजार घालण्याची परवानगी मिळाली. १८८४ पासून मोजले, तर एवढी साधी गोष्ट ऐकून घ्यायला १३९ वर्षे लागली.

आपल्या धर्मग्रामांतील मुली आज शाळांतून आणि मैदानांवरून खेळू लागल्या आहेत. त्यांच्यासाठी पोशाख निवडताना हा इतिहास उपयोगी पडावा. कापड घाम टिपणारे व हलके असावे. स्कर्टच्या आत विजार असावी व तिला दुसरा चेंडू ठेवण्यापुरता खिसा असावा. डोळ्यांवर झापड आणि मनगटाला घाम पुसण्याची पट्टी असावी. बूट टेनिसचेच घ्यावेत, कारण या खेळात पाय आडवे धावतात आणि साध्या धावण्याच्या बुटांत घोटा मुरगळण्याची भीती असते. मर्यादेचा विचार आईवडिलांनी अवश्य करावा, तो त्यांचा अधिकार आहे. परंतु मर्यादेची जबाबदारी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही आहे, हे मुलांनाही घरातच शिकवावे. आणि दुकानात पैसे देण्यापूर्वी मुलीला एक प्रश्न जरूर विचारावा: "बाळ, यात तुला धावता येते ना?" वर सांगितलेल्या कितीतरी जणींना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.