विसरलेली किल्ली : ब्लूटूथच्या जोडणीचा इतिहास

दुरुस्तीला दिलेला फोन कोरा होऊन परत येतो आणि वर्षभर बिनतक्रार चाललेले इअरफोन त्याला जोडले जाईनासे होतात. इअरफोनची बॅटरी गेली, नाहीतर माल नकली निघाला, असा निष्कर्ष घरात लगेच निघतो. बहुधा दोन्ही खरे नसते. पहिल्या जोडणीच्या वेळी दोन्ही यंत्रांनी मिळून १२८ बिटांची एक गुप्त संख्या ठरवलेली असते आणि ती दोघांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली असते. फोन कोरा होताना त्याच्याकडची प्रत पुसली गेली. इअरफोनकडची मात्र तशीच आहे. इअरफोन जुन्या ओळखीवर विसंबून राहतात, फोनला ती ओळखच आठवत नाही. हे भांडण यंत्रे आपसांत का मिटवत नाहीत, माणसालाच मध्ये का पडावे लागते, याचे उत्तर बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात आहे.

१८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोगात विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्या घंटेला लहर कोणी पाठवली याच्याशी काही कर्तव्य नव्हते. लहर आली, घंटा वाजली. तार असते तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण आहे हे तारच सांगते. तार गेली की ही खात्री जाते. बिनतारीचा मूळ प्रश्न हाच, आणि पुढची शंभर वर्षे तो प्रामुख्याने कायद्याने सोडवला गेला. भारतात १९३३च्या बिनतारी तार अधिनियमाने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला.

या व्यवस्थेला फट पडली ती एका दुर्लक्षित पट्ट्यातून. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या उपकरणांसाठी ठेवला गेला. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालते. तेथे गोंगाट होणार हे गृहीतच होते. १९८५ मध्ये अमेरिकेने या पट्ट्यांत परवान्याविना संदेशवहनास मुभा दिली. भारताने जानेवारी २००५ मध्ये नियम काढून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधील अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली. आज खिशाखिशांत असलेल्या या तंत्राला देशात सरसकट मोकळीक मिळून जेमतेम दोन दशके झाली आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

दरम्यान स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ पासून याप हार्टसेन हे डच अभियंते मोबाइल आणि त्याच्या जोडसाहित्यामधली तार काढून टाकण्याच्या कामाला लागले होते. गोंगाटावर त्यांनी योजलेला उपाय उड्या मारण्याचा : संदेश ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत जातो, एखादी वाहिनी अडली तरी पुढच्या क्षणी दुसरी मिळते. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड याच्या टोपणनावावरून आलेले ‘ब्लूटूथ’ हे नाव खरे तर तात्पुरते होते. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा यांनी स्थापन केलेल्या गटाने ते कायम केले.

गोंगाटाचे उत्तर उत्तम होते. ओळखीचे मात्र दुबळे. दोन्ही यंत्रांत एकच पिन टाकायचा आणि त्यातून किल्ली घडवायची, अशी आरंभीची रीत होती. पण हेडसेटला कळफलक कुठला? म्हणून कारखान्यातच पिन ठरवून दिला जाई, बहुतेकदा ‘००००’. २००५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील यानिव शाकेद आणि अविशाई वूल यांनी दाखवून दिले की, जोडणीच्या वेळचे संभाषण ऐकणाऱ्याला चार अंकी पिन त्या काळच्या पेंटियम संगणकावर ०.०६ सेकंदात सापडतो. जोडणी आधीच होऊन गेली असेल तर? त्याचीही युक्ती त्यांनी मांडली. हल्लेखोराने एका यंत्राचे सोंग घ्यायचे आणि ‘किल्ली हरवली’ एवढेच कळवायचे. दुसरे यंत्र जुनी किल्ली टाकून जोडणी पुन्हा सुरू करते आणि हल्लेखोर ती ऐकतो.

दुरुस्तीहून आलेला फोन प्रामाणिकपणे जे सांगतो, तेच हे वाक्य. खऱ्या विस्मरणात आणि सोंगात फरक करण्याचे कोणतेही साधन इअरफोनकडे नाही. म्हणून जुनी किल्ली मोडण्याचा अधिकार माणसाच्या हाती असणेच योग्य, आणि त्यासाठी इअरफोनचे किंवा त्यांच्या डबीचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. फोनच्या यादीतले जुने नाव पुसायचे, जोडसाहित्य पुन्हा जोडणीच्या स्थितीत आणायचे : दुकानदार सांगतात तो हा उपाय अडाणी वाटतो, पण नेमका आहे. तो एकाच बाजूने केला तर मात्र फसतो.

पिनची दुर्बलता २००७ मध्ये दूर झाली. उघड्यावर बोलूनही दोघांना सामायिक गुपित ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्येच दाखवले होते. त्याचे लंबवर्तुळी वक्रांवरचे रूप ब्लूटूथने स्वीकारले. आता नुसते ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. परंतु मध्ये बसणारा उरतोच : तो फोनशी एक गुपित ठरवतो, मोटारीतील यंत्राशी दुसरे, आणि दोघांनाही संशय येत नाही. जोडणीच्या वेळी दोन्ही पडद्यांवर दिसणारी सहा अंकी संख्या त्याच्यासाठी आहे. ती पिनसारखी गुप्त नाही. ती मोठ्याने वाचली तरी चालते. मध्ये कोणी असेल तर दोन पडद्यांवरच्या संख्या वेगळ्या निघतात, जुळून येण्याचा संभव दहा लाखांत एक. तुलना न करता ‘होय’ दाबणाऱ्याने सारे वक्रगणित वाया घालवलेले असते. इअरफोनला पडदाच नाही, त्यामुळे त्यांना हे संरक्षण मिळत नाही.

२०१९ मध्ये अँटोनिओली, टिपेनहाउअर आणि रासमुसेन यांनी आणखी एक भोक दाखवले. सांकेतिकीकरणाची किल्ली किती लांब असावी याची बोलणी दोन यंत्रे कसल्याही संरक्षणाविना करीत होती, कारण निरनिराळ्या देशांच्या कायद्यांना सामावून घेण्यासाठी मानकात ही लांबी बदलती ठेवली होती. मध्यस्थ ती १ बाइटवर आणू शके, म्हणजे अवघ्या २५६ शक्यता. त्यानंतर मानकात किमान ७ बाइटांची शिफारस आली. नव्या फोनांना ती अद्ययावत प्रणालीतून मिळाली. ज्यांची प्रणाली कधीच अद्ययावत होत नाही अशी जुनी जोडयंत्रे अजून वापरात आहेत.