ताऱ्यांचे जीवनचक्र : वर्ग तापमानावरून, भवितव्य वस्तुमानावरून

हिवाळ्यातील रात्री मृग नक्षत्रातील दोन तेजस्वी ताऱ्यांच्या रंगांमधील फरक नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो. काक्षी म्हणजेच बीटलज्यूज तांबूस, तर राजन्य म्हणजेच रायगेल निळसर-पांढरा दिसतो. हा फरक तापमानाचा आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, तर राजन्यचे सुमारे १२,००० केल्विन आहे.

ताऱ्यांचे आयुष्य लक्षावधी ते अब्जावधी वर्षांचे असल्याने एकाच ताऱ्याचा जन्मापासून अंतापर्यंतचा प्रवास पाहणे मानवाला शक्य नाही. निरनिराळ्या अवस्थांतील असंख्य ताऱ्यांचे वर्गीकरण करूनच खगोलशास्त्रज्ञांनी हा क्रम जुळवला आहे.

ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून त्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम असे सात प्रमुख वर्ग केले जातात. ओ वर्गातील तारे सर्वाधिक उष्ण, तर एम वर्गातील सर्वांत थंड असतात. सूर्य जी, व्याध ए आणि रोहिणी के वर्गात मोडते. हार्वर्ड वेधशाळेतील ॲनी जंप कॅनन यांनी या पद्धतीला निश्चित रूप दिले आणि सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले.

वर्णपटांतील हा भेद कशामुळे निर्माण होतो, याचे उत्तर भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या १९२० मधील आयनीभवन समीकरणातून मिळाले. हा भेद प्रामुख्याने तापमानामुळे असतो, घटकद्रव्यांमुळे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियमचे बनलेले असल्याचे दाखवले.

वायू आणि धुळीचे मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावून तारे जन्मतात. गाभ्याचे तापमान सुमारे एक कोटी केल्विनवर गेल्यावर हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते. ताऱ्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ याच अवस्थेत जातो. तिला ‘मुख्य अनुक्रम’ म्हणतात. सूर्याची ही अवस्था सुमारे १,००० कोटी वर्षांची असून त्यापैकी ४६० कोटी वर्षे सरली आहेत. अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांकडे इंधन जास्त असले, तरी ते कितीतरी वेगाने जळत असल्याने त्यांचे आयुष्य अल्प ठरते. काक्षीचे वय जेमतेम एक कोटी वर्षांच्या आसपास असूनही तो अखेरच्या टप्प्यात पोहोचला आहे.

गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. पुढे त्याची बाह्य आवरणे अवकाशात विखुरतील आणि मागे श्वेत बटू उरेल. व्याधाचा अंधुक जोडीदार हा असाच श्वेत बटू आहे. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना १९८३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांचा लोहमय गाभा ही मर्यादा ओलांडताच कोसळतो आणि बहुधा अतिनवताऱ्याचा स्फोट होतो. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते. चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये वृषभ राशीत अशा स्फोटाची नोंद केली होती. तेथे आज क्रॅब तेजोमेघ असून त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे.

अशा स्फोटांतून विखुरलेली द्रव्ये नव्या मेघांत मिसळतात आणि त्यांतून पुढील पिढीचे तारे व ग्रह घडतात. पृथ्वीवरील बहुतांश ऑक्सिजन सूर्यापूर्वीच्या महाकाय ताऱ्यांमध्येच तयार झालेला आहे.