पॅरिसची अंधशाळा आणि सहा ठिपके

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा डोळसांच्या दयाबुद्धीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आमच्या मतें ही मांडणी अपुरी आहे. व्हॅलेंटिन हाउई यानें इ. स. १७८५ मध्यें पॅरिस येथें अंध मुलांसाठीं शाळा काढली, आणि डोळसांचींच रोमन अक्षरें जाड कागदावर उठावदार छापून तीं बोटांनीं वाचावयास शिकविलीं. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु वाचन फार मंद होई, आणि लेखन तर मुलांच्या आवाक्याबाहेरच राही.

सन १८१९ मध्यें लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा या शाळेंत दाखल झाला. चार्ल्स बार्बिये यानें योजिलेली बारा ठिपक्यांची लिपि त्यास तेथें कळली. एका बोटाखालीं एक अक्षर मावावें म्हणून त्यानें ठिपके सहांवर आणिले, व १८२९ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. पुढें १८४० नंतर कांहीं काळ शाळेच्या चालकांनींच तिला मज्जाव केला. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरीत राहिले. ब्रेल १८५२ सालीं वारला. त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ सालीं.

भारतीय भाषांसाठीं १९५१ सालीं ठरलेल्या भारती ब्रेलचा पाया हेच सहा ठिपके होत. मराठी ग्रंथहि त्यांवरूनच बोटांनीं वाचले जातात. तेव्हां शाळा स्थापणाराचें श्रेय मान्य करूनहि, ही लिपि जगविली ती विद्यार्थ्यांनीं, ही नोंद इतिहासांत राहिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.