राष्ट्रीय सेवा योजना : २४० तासांचा हिशेब आणि दत्तक गाव

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परिसरातील समाजकार्याशी जोडणारी केंद्र सरकारची प्रमुख योजना म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. महाराष्ट्रात ती 'रासेयो' किंवा 'एनएसएस' या नावाने परिचित आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी तिचा प्रारंभ केला. त्या वेळी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात सहभागी होते. आज स्वयंसेवकांची संख्या ४० लाखांच्या घरात सांगितली जाते.

योजना १९६९ मध्ये सुरू झाली असली, तरी तिच्यामागील वाद त्याहून वीस वर्षांनी जुना आहे. विद्यार्थ्यांनी राष्ट्रासाठी काही काळ श्रम करावेत, याविषयी फारसे दुमत नव्हते. प्रश्न होता तो सक्तीचा. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ही सेवा ऐच्छिक असावी, अशी शिफारस केली होती. पुढे २८ ऑगस्ट १९५९ रोजी राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते डॉ. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी केंद्रीय अर्थमंत्री. या समितीचा कौल मात्र सक्तीच्या बाजूने पडला. महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी. त्यात काही लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावे, असे तिने सुचविले. खर्चाचा भार आणि अंमलबजावणीतील अडचणी पाहता सरकारने ते स्वीकारले नाही. प्रा. के. जी. सय्यदैन यांनी अनेक देशांतील अशा योजनांचा अभ्यास करून १९६० मध्ये स्वेच्छेच्या बाजूने अहवाल दिला आणि अखेर तीच दिशा मान्य झाली. चीन युद्धानंतर सक्तीच्या झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेला पर्याय म्हणूनही या योजनेकडे पाहिले गेले.

योजनेची रचना साधी आहे. साधारण शंभर स्वयंसेवकांचे एक एकक असते. त्याची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्याकडे असते आणि हे काम त्याने अध्यापन सांभाळून करायचे असते. स्वयंसेवकाने वर्षाला १२०, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित आहे. याखेरीज दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर होते. त्यात दरवर्षी एककातील निम्मे स्वयंसेवक सहभागी होतात. बोधचिन्हातील चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे आहे. त्याचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर सुचवितात.

शिबिराचा दिनक्रम राज्याराज्यांत थोडाफार वेगळा असला, तरी महाराष्ट्रातील माजी स्वयंसेवकांना तो सांगावा लागत नाही : पहाटेची प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. वनराई बंधारे, शोषखड्डे, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, आरोग्य तपासणी ही नेहमीची कामे. निधी मात्र तुटपुंजा राहिला आहे. अनेक वर्षे नियमित कार्यक्रमांसाठी प्रतिविद्यार्थी वार्षिक २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. म्हणजे शिबिरात दिवसाला ६५ रुपयांहूनही कमी, आणि त्यातच जेवण, प्रवास व साहित्य. शाळेची खोली किंवा समाजमंदिर गावच देते, धान्य आणि भाजीपालाही पुष्कळदा गावातूनच येतो. दत्तक नेमके कोण कोणाला घेतो, असा प्रश्न पडावा. २०१६ पूर्वी केंद्र आणि राज्ये हा खर्च ७:५ या प्रमाणात उचलत. त्यानंतर तो पूर्णपणे केंद्राकडे आला.

पैशापेक्षा अवघड प्रश्न सातत्याचा आहे. विद्यार्थी दोन वर्षांनी बाहेर पडतो, कार्यक्रम अधिकारीही काही वर्षांनी बदलतो. गाव मात्र तेथेच असते. मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा दरवर्षी नव्याने घालावा लागतो आणि लावलेल्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. हिवाळी शिबिर आटोपून निघालेल्या तुकडीला ते शक्य नसते. म्हणूनच शिबिराचे गाव दरवर्षी बदलू नये आणि काम निवडण्यापूर्वी गावाचे सर्वेक्षण करून ग्रामस्थांशी बोलावे, हा संकेत महत्त्वाचा ठरतो. तो पाळला नाही, तर अहवालात तास भरतात, पण गावाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

विद्यार्थ्याचे शिक्षण आणि समाजाची गरज यांची सांगड बसली, की चित्र पालटते. केरळमध्ये योजनेच्या तांत्रिक विभागाने 'पुनर्जनी' हा उपक्रम राबविला. त्यात अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी सरकारी रुग्णालयांत मुक्काम करून मोडक्या खाटा, ट्रॉल्या आणि बंद पडलेली उपकरणे दुरुस्त करतात. भंगारात जमा झालेली खाट पुन्हा रुग्णाच्या उपयोगी पडते आणि वर्गात शिकलेले वेल्डिंग वा विद्युतजोडणी प्रत्यक्षात पारखली जाते. विद्यार्थ्याला जे येते त्याचीच तेथे रुग्णालयाला गरज असते. त्या कामासाठी कुदळ-फावडे हाती घ्यावे लागत नाही.

अलीकडे उच्चशिक्षण संस्थांना खेड्यांशी जोडणारे अन्य मार्गही खुले झाले आहेत. ११ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेने किमान पाच गावे निवडावयाची असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानेही सामाजिक सहभागासाठी दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा दिला आहे. सेवेला श्रेयांक मिळू लागल्याने ऐच्छिक आणि सक्तीचे यांतील जुनी सीमारेषा पुन्हा पुसट होऊ लागली आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेत नावनोंदणी महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकाऱ्याकडे करावी लागते. सलग दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र दिले जाते. तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने त्यामुळे पहिल्या, फार तर दुसऱ्या वर्षीच नाव नोंदविणे आवश्यक ठरते.