गारपीट, गारपगारी आणि घरावरचे छप्पर

वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात वाट पाहिली जाते ती मृगाच्या पावसाची. फाल्गुन-चैत्रातला पाऊस कोणाही कास्तकाराला नको असतो. त्या दिवसांत गहू-हरभरा कापून खळ्यावर आलेला असतो, संत्र्याच्या आंबिया बहाराची कोवळी फळे झाडावर असतात आणि घरावरची कवेलू अद्याप फेरलेली नसतात. नेमकी अशा वेळी गारपीट येते. पिकाच्या नुकसानीची चर्चा पंचक्रोशीत होते. फुटलेल्या छपराची आठवण मात्र ज्याचे घर गळले त्यालाच राहते. म्हणून गारपिटीचा इतिहास घराच्या बाजूनेही पाहणे अगत्याचे आहे.

उन्हाने तापलेल्या जमिनीवरून दमट हवा वेगाने वर चढते. उंच ढगात पाण्याचे थेंब गोठतात आणि वर चढणारा वाऱ्याचा झोत त्यांना तोलून धरतो, तोवर त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. हा भार झोताला पेलेनासा झाला की गार खाली येते. गारेची जाडी दुप्पट झाली तर तिचे वजन आठपट होते. म्हणूनच हरभऱ्याएवढी गार अंगणात पोरांच्या खेळाची होते, तर लिंबाएवढी गार जिवावर बेतते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद भागात गारांनी २४६ माणसे दगावली. गारपिटीने झालेली सर्वांत मोठी मनुष्यहानी म्हणून जागतिक हवामान संघटनेने तिची नोंद केली आहे. आपल्या राज्यात २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला, तो आजच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे.

अशा संकटाला तोंड देण्यासाठी पूर्वी या भागातील खेड्यांनी एक स्वतंत्र गावसेवकच नेमलेला असे. त्याला गारपगारी म्हणत. गारपगारी मूळचे नाथपंथी जोगी. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची सविस्तर माहिती दिली आहे. १९११ च्या शिरगणतीत त्यांची संख्या सुमारे ९,००० होती. रात्रीच्या आभाळात धूर आणि ज्वाळा एकवटल्याप्रमाणे काळा-तांबडा रंग दिसला की गारा येणार, हे गारपगारी ओळखीत असे. मग तो हाती तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही व ढग पांगवण्याची विनवणी करी. विनवणीने भागले नाही तर स्वतःचा जीव देण्याची धमकी देवाला देई. कधी बायकामुलांनाही सोबत नेऊन मारुतीपुढे उभे करी. या सेवेबद्दल कास्तकार त्याला वर्गणी देत. पुढे लोकांचा विश्वास ओसरला, वर्गणी आटली आणि या कुटुंबांना पोटासाठी दुसरे मार्ग धरावे लागले.

आज या प्रकाराला कोणी भाबडेपणा म्हणेल. तलवारीने ढग पांगत नाहीत, हे खरेच आहे. परंतु त्या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. गावातला एक माणूस सबंध हंगाम आभाळाकडे लक्ष ठेवून असे. आणि त्याचा खर्च एकट्यादुकट्यावर न पडता अनेक घरांत वाटला जाई. गारपीट हे सगळ्या गावाचे संकट मानले जाई.

छपराची कथाही अशीच बदलत गेली. गवती छपरात गारेचा मार जिरे, पण वारा आणि आग यांपुढे ते टिकत नसे. कुंभाराची कवेलू आली. ती गारेने फुटत, परंतु फुटलेले तेवढे बदलता येई. म्हणून जाणते घरधनी जादा कवेलूंची रास परसात ठेवीत. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले दूरदूरच्या गावी पोहोचली. मागाहून टिना व सिमेंटचे पत्रे आले. टिनांना गारेने खड्डे पडतात, मात्र खरा धोका सोबतच्या वाऱ्याचा. आवळलेले नसले तर ते उडून जातात. जुना सिमेंटचा पत्रा मोठ्या गारेने थेट फुटतो. स्लॅबचे घर सहसा निभावून जाते. म्हणजे गार सर्वांवर सारखी पडते, परंतु छप्पर फुटते ते बहुधा गरिबाचे.

आभाळावर लक्ष ठेवण्याचे गारपगाऱ्याचे काम आता नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र व तेथील रडार करते. पिवळा, नारिंगी व तांबडा असे इशारे दिले जातात. इशारा कानी आल्यावर करायचे ते घरधन्याच्याच हाती आहे. माघातच आढे-वासे तपासावेत, पत्र्यांचे हूक व नटबोल्ट आवळावेत, पन्हळी साफ कराव्यात. ताडपत्री, दोर आणि थोडी जादा कवेलू घरात असावीत. गारा सुरू झाल्यावर म्हातारीकोतारी व लेकरे शेजारच्या स्लॅबखाली न्यावीत. तेवढा वेळ नसेल तर भक्कम पलंगाखाली किंवा मेजाखाली बसवावीत. झाडाचा आसरा घेऊ नये.

गारा थांबल्यावर घाई नडते. फुटका सिमेंटचा पत्रा पायाखाली दगा देतो. त्यावरून पडून माणसे जायबंदी होतात, कधी प्राणासही मुकतात. शिडी व आडवी फळी घेतल्याशिवाय वर जाऊ नये. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून तुकडे ओले करून उचलावेत. घरात पाणी आले असल्यास विजेचे मुख्य बटण प्रथम बंद करावे. पन्हळीत साचलेल्या गारा लगेच काढाव्यात, नाहीतर त्या वितळून पाणी भिंतीत मुरते. डागडुजीपूर्वी नुकसानीचे फोटो घ्यावेत आणि महसूल खात्याकडून पंचनामा करून घ्यावा. गारपीट ही सरकारी मदतीस पात्र आपत्ती आहे. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत अंशतः पडझडीसाठी घराचे किमान १५ टक्के नुकसान झालेले असावे लागते. त्यामुळे पंचनाम्यात छपराची नोंद नीट झाली की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

परंतु पंचनामा होऊन मदत हाती येईपर्यंत पहिली रात्र काढायची असते, आणि ती काढायला शेजारीच लागतो. जुन्या पिढीने गारपगाऱ्यासाठी वर्गणी काढली. तीच रीत आज गावाच्या सामाईक ताडपत्र्या, शिड्या आणि दोर यांसाठी चालू ठेवता येईल. स्लॅबवाल्याने दार उघडे ठेवावे, तरुणांनी विधवेच्या व निराधाराच्या घरावर आधी चढावे. ज्या मारुतीपुढे एके काळी एक माणूस साऱ्या गावासाठी उभा राहत होता, त्याच्या साक्षीने सारे गाव एका फुटक्या छपरासाठी उभे राहावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.