उद्याचा रकाना : बेसबॉलमधील पारखीचा इतिहास

मराठीत 'कसोटी' हा शब्द मूळचा सोनाराच्या पेढीवरचा. काळ्या दगडावर सोने घासायचे आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवायचा. पुढे क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्यालाही आपण हाच शब्द लावला. या दोन्ही कसोट्यांत आज जे हाती आहे त्याचीच परीक्षा होते. दगडावर घासलेले सोने उद्या आपोआप अधिक शुद्ध होणार नसते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे मात्र तसे नाही. त्याची पारख करणाऱ्याला जे अजून घडलेलेच नाही त्याविषयी मत द्यावे लागते. अमेरिकेतील बेसबॉलने गेल्या शंभरएक वर्षांत असे मत देण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा केला, त्याची परिभाषा घडवली आणि त्याचे कागदही जपून ठेवले. अपुऱ्या पुराव्यावरून होतकरू माणसाविषयी मत लिहिणे हे साहित्याच्या अध्यापकाचेही नित्याचे काम असल्यामुळे हा इतिहास आपल्याला परका वाटू नये.

तो इंग्रजीच्या एका प्राध्यापकाला वाटला नाही. डेलावेअर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या केव्हिन केरेन यांनी १९८४ साली 'डॉलर साइन ऑन द मसल' हे पुस्तक लिहिले. गावोगाव हिंडून होतकरू खेळाडू हेरणाऱ्या माणसांचे, म्हणजे 'स्काउट' मंडळींचे, ते चित्रण आहे. स्काउट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालवीर उभा राहतो. पण शब्दाचा लष्करी अर्थ सैन्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा असा आहे. आम्ही या लेखात त्याला 'पारखी' म्हणणार आहोत. पुस्तकाचे शीर्षक ब्रँच रिकी या संघव्यवस्थापकाच्या शब्दप्रयोगावरून घेतलेले आहे आणि त्याचा आशय स्नायूवर किंमत लिहिणे असा. ज्या देशात १८६५ पर्यंत माणसांची कायदेशीर खरेदी-विक्री होत होती, तेथे हा शब्दप्रयोग निव्वळ विनोदाचा राहत नाही. त्याकडे पुढे वळूच.

बेसबॉलला आकड्यांचे वेड पहिल्यापासून आहे, आणि त्याचे एक मूळ क्रिकेटमध्ये सापडते. इंग्लंडमधील एक्झिटर येथे १८२४ साली जन्मलेला हेन्री चॅडविक लहानपणी अमेरिकेत आला आणि वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागला. पुढे बेसबॉलकडे वळल्यावर सामन्याची हकीकत कोष्टकात मांडण्याची पद्धत त्याने नेटकी आणि लोकप्रिय केली. क्रिकेटचे धावपत्रक वाचणाऱ्याला ते कोष्टक ओळखीचे वाटते. मात्र कोष्टक घडलेल्या गोष्टीचेच असते. खेड्यातील शाळेचा एखादा मुलगा दर दुसऱ्या चेंडूला पिटाळतो, एवढ्यावरून त्याला टाकणारे किती दुबळे होते हे कळत नाही. ज्याच्यामागे विश्वासार्ह भूतकाळ नाही, त्याच्यासाठी कोष्टकाखेरीज दुसरे साधन हवे होते, आणि ते साधन म्हणजे पारख्याचा डोळा. आयोवा राज्यातील व्हॅन मीटर या लहानशा गावात बॉब फेलर नावाचा शेतकऱ्याचा मुलगा क्लीव्हलँड संघाच्या साय स्लॅपनिका या पारख्याला सापडला. एक डॉलर आणि संघाच्या स्वाक्षऱ्या असलेला चेंडू एवढ्या मोबदल्यावर करार झाला. २३ ऑगस्ट १९३६ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, या मुलाने मेजर लीगमधील सुरुवातीपासून टाकलेल्या आपल्या पहिल्याच सामन्यात १५ फलंदाज बाद केले.

डोळ्याला शिस्त लावण्याचे काम मुख्यतः रिकीच्या काळात झाले. सेंट लुइस कार्डिनल्स या संघासाठी त्याने १९२० च्या दशकापासून छोट्या गावांतील संघ ताब्यात घेऊन खेळाडूंची जणू रोपवाटिका उभी केली. १९४० च्या सुमारास अशा संघांची संख्या तीसच्या वर गेली होती. शेकडो मुलांची तुलना करायची तर निकष समान हवेत. पारख्यांच्या बोलीत ते पाच 'अवजारां'च्या रूपाने स्थिरावले : सातत्याने चेंडू पिटाळणे, लांब पिटाळणे, धावणे, फेकणे आणि क्षेत्ररक्षण. गुण किंवा कौशल्य न म्हणता त्यांनी 'अवजार' म्हटले, हे लक्षणीय आहे. अवजार असणे आणि काम येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भान त्या शब्दातच आहे.

या अवजारांना गुण देण्यासाठी २० ते ८० अशी एक मापपट्टी रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा रिकीला दिले जाते. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी खेळाडू आणि दर दहा गुणांची पायरी म्हणजे संख्याशास्त्रातील एक प्रमाण विचलन, असा तिचा हिशेब. ८० गुण मिळवणारा अगदी विरळा. काही अवजारे घड्याळाने मोजता येतात. चेंडू पिटाळून ९० फुटांवरचा पहिला बेस उजव्या हाताच्या फलंदाजाने ४.३ सेकंदांत गाठला तर त्याचे धावणे ५० गुणांचे. डावखुरा एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून त्याला ४.२ सेकंद. इतर अवजारांना घड्याळ लागू पडत नाही, तेथे डोळाच चालतो.

मापपट्टीपेक्षाही आम्हाला मोलाची वाटते ती अहवालाची मांडणी. प्रत्येक अवजारापुढे दोन रकाने असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. एखाद्या मुलाच्या लांब पिटाळण्यापुढे आज ३० आणि उद्या ६० असे लिहिलेले असते. पहिला आकडा निरीक्षणाचा, तर दुसरा चक्क भाकिताचा. खांदे रुंद होतील, मनगटात बळ येईल, वळणारा चेंडू त्याला कळू लागेल, अशी एक संपूर्ण कथा त्या ६० या आकड्यात दडलेली असते. शिवाय स्वभावाविषयी शेरा लिहायचा असतो : पराभव तो कसा पचवतो, सांगितलेले ऐकतो का. आणि अहवालाखाली पारख्याचे नाव असते.

यंत्रांनी या व्यवसायात शिरकाव केला तो आजच्या रकान्यात. १९१२ साली वॉल्टर जॉन्सनच्या चेंडूचा वेग ब्रिजपोर्ट येथील रेमिंग्टन या बंदुकांच्या कारखान्यात मोजला गेला. तो भरला सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी सुमारे ८३ मैल. १९२१ मध्ये बेब रूथची दृष्टी आणि प्रतिक्षिप्त हालचाल कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी तपासली. १९४० मध्ये शिकागोत फेलरच्या चेंडूची शर्यत धावत्या मोटारसायकलशी लावण्यात आली, तर १९४६ मध्ये लष्कराच्या उपकरणाने त्याचा वेग ताशी ९८.६ मैल नोंदवला. हे सारे तोवर सिद्ध झालेले खेळाडू होते. यंत्र तेथे कीर्तीला दुजोरा देत होते. १९७० च्या दशकात वाहनांचा वेग मोजणारे पोलिसांचे रडार बेसबॉलच्या मैदानावर आले आणि स्थिती पालटली, कारण आता अनोळखी मुलाच्या फेकीलाही क्षणात आकडा मिळू लागला.

आकडा मिळाला की मुले त्या आकड्यासाठी सराव करू लागतात. चेंडू टाकणाऱ्यांच्या वाढत्या दुखापतींवर मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. अधिकाधिक वेगाचा ध्यास हे त्याने एक प्रमुख कारण म्हणून नोंदवले आणि हा ध्यास शाळकरी वयापर्यंत पोहोचल्याचेही दाखवून दिले. परीक्षेत विचारले जाते तेवढेच वाचणारा विद्यार्थी आपल्या वर्गातही असतो. फरक इतकाच की येथे कोपराचा स्नायुबंध तुटतो.

उद्याच्या रकान्याचे काय झाले? तेथे चुका होत राहिल्या, आणि त्या थोरांच्याही झाल्या. रिकीचे अहवाल वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत. जानेवारी १९५५ मध्ये प्वेर्तो रिको येथे त्याने वीस वर्षांच्या रॉबर्तो क्लेमेंतेला पाहिले. फेक त्याला सुंदर वाटली. पण धावण्याची ढब वाईट, वेग सरासरीहून किंचितच बरा आणि बेसवर धाडस मुळीच नाही, असा त्याच्या शेऱ्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९५६ रोजी, याच क्लेमेंतेने थांबण्याची खूण धुडकावून चारही बेस धावून काढले आणि सामना जिंकून दिला. कारकिर्दीत त्याने पुरे ३००० फटके नोंदवले. १९७२ च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना तो विमान अपघातात गेला. उलट दिशेच्या चुकाही आहेत. बिली बीन या तरुणाकडे पाचही अवजारे होती आणि १९८० साली न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. मेजर लीगमध्ये तो १४८ सामने खेळला, सरासरी ०.२१९. माइक पियाझाला १९८८ साली ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर, तेही कौटुंबिक स्नेहाखातर घेतले गेले. कॅचर म्हणून सर्वाधिक होमरन आज त्याच्या नावावर आहेत.

खेळणे सोडून व्यवस्थापक झालेल्या याच बीनवर मायकल लुइस यांनी २००३ साली 'मनीबॉल' लिहिले. तेव्हापासून डोळा विरुद्ध आकडा असा वाद रंगवण्याची प्रथा पडली. पारख्यांनी देहयष्टीवर भुलावे आणि संख्याशास्त्रज्ञांनी कामगिरी पाहावी, असे ते चित्र. आम्हाला ते एकांगी वाटते. ॲलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाला १९४७ साली पूर्ण वेळ नोकरीवर ठेवणारा माणूस दुसरातिसरा कोणी नसून पारख्यांचा गुरू रिकीच होता. एकाच डोक्यात दोन्ही नांदू शकतात. खरा पेच वेगळा आहे, आणि तो रिकीच्याच आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीयांना मेजर लीगमध्ये प्रवेश नव्हता. त्यांचे स्वतंत्र संघ होते, सामने होते, कोष्टके होती. जॉश गिब्सनची फलंदाजी हजारो लोकांनी पाहिली होती. म्हणजे डोळा होता, घड्याळ होते, मापपट्टीही होती; केवळ या माणसांपुढे ती धरायची नाही असा अलिखित करार होता. ऑगस्ट १९४५ मध्ये रिकीने क्लाइड सुकफोर्थ या पारख्याला शिकागोला पाठवले. जॅकी रॉबिन्सनची फेक पाहून ये, एवढे काम होते. रॉबिन्सनचा खांदा दुखावलेला असल्याने तो फेकूच शकला नाही. सुकफोर्थ तरीही त्याला ब्रुकलिनला घेऊन आला. २८ ऑगस्टच्या त्या भेटीत रिकीने मैदानावर होऊ शकणाऱ्या अपमानांचा अभिनय करून दाखवला आणि प्रतिकार न करता सहन करण्याचे धैर्य आहे का, असे विचारले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. अवजार न मोजताच झालेली ही निवड बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची पारख आहे. तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या स्वभावाची परीक्षा रॉबिन्सनने दिली, ती कोणत्याही गोऱ्या मुलाला द्यावी लागली नव्हती.

गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. मे २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगमधील आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत सामावून घेतले गेले, तेव्हा कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी त्याचीच निघाली, ०.३७२. क्लेमेंतेविषयीची चूक दुरुस्त व्हायला एक हंगाम पुरला, कारण तो मैदानावर होता. गिब्सनविषयीची चूक कोष्टकात दुरुस्त व्हायला सत्त्याहत्तर वर्षे लागली आणि मैदानावर ती दुरुस्त होण्याची सोयच उरली नव्हती. चुकीचे गुण देणे आणि गुण देण्याजोगे न मानणे यांतील अंतर एवढे मोठे आहे.

यंत्र हे दार उघडू शकते, हेही मान्य केले पाहिजे. २००८ साली भारतात रडार घेऊन एक स्पर्धा भरवली गेली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू तीतून निवडले गेले. त्यांनी तोवर बेसबॉल खेळलाच नव्हता. रिंकूचा चेंडू ताशी ८७ मैल गेला. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने, म्हणजे क्लेमेंतेच्याच संघाने, दोघांशी करार केला. ते मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. रडारने त्यांच्या हातातील बळ अचूक सांगितले होते. बाकीचे सांगणे त्याच्या कुवतीबाहेरचे होते. तरी जात, गाव, भाषा, ओळखपाळख काही न विचारता त्याने त्यांना मैदानापर्यंत नेले, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या गुणपत्रिकेत एकच रकाना असतो आणि तो आजचा. उद्याचा रकाना आपणही भरतो, मात्र तोंडी. हा पुढे लिहील, हिच्याकडून संशोधन होणार नाही, याला भाषाच नाही, असे आपण शिक्षककक्षात सहज बोलून जातो. त्याखाली कोणाचे नाव नसते, तारीख नसते आणि वीस वर्षांनी ते कोणी पडताळूनही पाहत नाही. काहींच्या बाबतीत तर एवढेही बोलले जात नाही. मागच्या बाकावरचा मुलगा बोली बोलतो म्हणून त्याची वही आपण वाङ्मय म्हणून वाचतच नाही. रिकीचा क्लेमेंतेवरील शेरा आज कोणीही वाचू शकतो आणि तो किती चुकला हे पाहू शकतो. आपले असे शेरे नावानिशी आणि तारखेनिशी लिहून ठेवले, तर त्यांतले किती टिकतील, आणि कोणत्या विद्यार्थ्यांपुढे मुळात रकानाच कोरा सापडेल, याचा विचार अध्यापकांनी एकदा करून पाहावा, असे आम्हाला वाटते.