जुना संगणक, नवी पाटी

नोकरीनिमित्त घरापासून दूर आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पोट संगणकावर चालते. दर चार-पाच वर्षांनी कचेरीत नवे संगणक येतात आणि चालू स्थितीतले जुने भंगारात जातात. त्यांचे दुसरे काय करता येईल, हा प्रश्न मला नेहमी पडे. उत्तर शोधताना एक छोटा इतिहास हाती लागला.

भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९८४ चा 'क्लास' प्रकल्प. त्यातल्या बीबीसी मायक्रो संगणकांची स्मृती किलोबाइटमध्ये मोजली जाई, तरी त्यांवर धडे चालत. म्हणजे लहान मुलाची गरज मुळात थोडीच असते.

जुन्या यंत्रांना खरा हात दिला तो मुक्त सॉफ्टवेअरने. १९९९ मध्ये अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' सुरू केला. यात सारे काम एक दणकट संगणक करतो आणि जुनी यंत्रे फक्त पडदा आणि कळफलक म्हणून जोडली जातात. २००० मध्ये फ्रान्समधून बालखेळांचा 'जीकाँप्री' हा संच आला. या नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये 'मला समजले' असा ऐकू येतो! २००२ मध्ये बिल केंड्रिक यांचे 'टक्स पेंट' आले आणि चिमुकल्यांना चित्रे रंगवता येऊ लागली.

आपल्या गोव्यातही त्याच सुमारास 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना दिले. परवान्यांचा खर्च टाळण्यासाठी तिथेही लिनक्सचाच आधार घेतला गेला.

मात्र नुसते यंत्र देऊन भागत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत दानाचे संगणक वर्षभरात धूळ खात पडले, कारण दुरुस्तीला कोणी नव्हते. शेवटी आपले भंगार शाळेच्या गळ्यात पडले. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, ते मुलांच्या वर्गात पडून राहणे बरे नव्हे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. त्यामुळे कितीतरी धडधाकट यंत्रे मोडीत निघत आहेत. माझी विनंती एवढीच: कचेरीची रीतसर परवानगी घ्या, डिस्क पूर्ण पुसा, लिनक्स घाला आणि वर्षभर महिन्यातला एक शनिवार त्या शाळेला द्या. यंत्र कायमचे बंद पडले तर ते अधिकृत ई-कचरा केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारीही आपलीच. तरच ते दान म्हणायचे.